सरळ रेघेतला आवाज

१

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी सांगते, सीड्या पुसते. ओळखपत्रावर काहीतरी भारदस्त लिहिलंय, पण दिवसभर करते ते हेच. रेडिओ केंद्राच्या मागच्या खोलीत बसायचं, कपाटातून जुनी सीडी काढायची, खिडकीच्या उजेडासमोर धरायची, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसायची आणि ड्राइव्हमध्ये सरकवायची. लोकांना वाटतं सीडी म्हणजे अमरपट्टा. कसला अमरपट्टा. आतला चंदेरी पापुद्रा इतका नाजूक असतो की हवा लागली, डिंक लागला, ऊन लागलं की विरायला लागतो. उजेडासमोर धरलं की जुन्या छत्रीसारखी बारीक बारीक भोकं दिसतात. म्हणून पापुद्रा जायच्या आत गाण्याची नक्कल करून ठेवायची. एक प्रत इथे, एक दुसऱ्या इमारतीत. इमारत जळाली तरी गाणं राहिलं पाहिजे, असा आमचा बाणा.

नक्कल करायचीसुद्धा एक रीत आहे. ड्राइव्ह प्रत्येक गाणं दोनदा वाचतो. दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली तर हिरवी खूण, नाही जुळली तर लाल. कारण खराब जागी ड्राइव्हला काही दिसत नसतं. मग तो अलीकडचं-पलीकडचं ऐकून मधलं ठोकून देतो. आणि थापाड्या माणसासारखंच, दर वेळी थाप जरा वेगळी पडते. म्हणून लाल.

आमचे इंजिनिअरकाका म्हणतात, "हिरवं दिसलं की पुढे सरकायचं. शंका घ्यायला सरकार वेगळा पगार देत नाही."

मी पुढे सरकत होते. कितीतरी महिने मजेत सरकत होते. मग मी केंद्रातला एक जुना ड्राइव्ह मागून घरी आणला, ताईच्या सीड्यांसाठी.

२

माझी ताई गायची. गायची म्हणजे नुसती गुणगुणायची नाही. स्वतः गाणी रचायची, मैत्रिणीच्या रिकाम्या दुकानात माइक लावून रेकॉर्ड करायची. त्या सगळ्याच्या सात सीड्या आहेत, तिने स्वतः कोऱ्या सीड्यांवर उतरवलेल्या. ज्या कॉम्प्युटरवरून उतरवल्या तो कधीच भंगारात गेला. म्हणजे या सात सोडल्या तर ताईचा आवाज जगात कुठेच नाही.

कारण मध्यंतरी तिच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि जाताना आवाज घेऊन गेली. आता ती बोलते ते लाकडावर पॉलिशपेपर घासल्यासारखं. आवाजाच्या बाई, म्हणजे तिला परत बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट, त्यांनी बजावून ठेवलंय की जो काही आवाज उरलाय तो रोज वापरायचा. वापरला नाही तर तोही आखडेल, आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही. म्हणून रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ताई पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून "ऊऊऊ" करत बुडबुडे काढते. मी तिला म्हणते, म्हैस डुंबतेय. ती मला ओला चमचा फेकून मारते. असं आमचं चाललेलं असतं.

रविवारी दुपारी मी पहिली सीडी काढली. वर कागदी गोल स्टिकर, त्यावर ताईच्या अक्षरात गाण्याचं नाव. स्टिकरची कड उचकटली होती. अशी सीडी ड्राइव्हमध्ये घातली की कागद आत अडकतो, म्हणून मी तो हळूच सोलला. अगदी हळू. तरी कागदाबरोबर खालचा चंदेरी पापुद्राच निघून आला. बोटाच्या पेराएवढं आरपार भोक. त्यातून मला समोरची खिडकी दिसली, खिडकीतलं दोरीवरचं फडकं दिसलं.

ताई मागे उभी होती.

"भिंगरे," माझं लहानपणचं टोपणनाव घेऊन ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सर्जनने केलं तेच केलंस की तू."

"ताई, मी मुद्दाम नाही…"

"तोही हेच म्हणाला होता." आणि ती हसली. तिचं हसू म्हणजे नुसती हवा. "घाल आत. जेवढं येईल तेवढं येईल."

मी घातली. ड्राइव्ह भोकाशी अडखळेल, कुरकुरेल, सोडून देईल, अशी मी तयारी ठेवली होती. तो एका लयीत फिरत राहिला. दोनदा वाचलं.

हिरवी खूण.

३

ऐकल्यावर तर मी नाचायचीच बाकी होते. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड, कुठे कचरा नाही, खाच नाही. ताईचा तो आवाज, भरलेला, खालच्या सुरातही पाय रोवून उभा राहणारा. मी रडले पण. ताई मात्र भुवया आक्रसून बसली होती.

"मागे घे जरा."

मी मागे घेतलं.

"ऐक. तिसऱ्या ओळीच्या मध्ये."

मी ऐकलं. छोटासा श्वास होता. नाकातून घेतलेला, सुबक.

"मी इथे श्वास घेत नव्हते," ताई म्हणाली. "ही ओळ एका दमात म्हणायचे मी. त्यासाठी किती महिने छाती फोडून घेतली मला माहीत आहे. मधे श्वास घेतला तर गाण्याचा जीवच जातो."

"एखाद्या दिवशी घेतला असशील."

"तू जेवताना एखाद्या दिवशी कानात घास घालतेस का?"

मी कॉम्प्युटरवर बघितलं. श्वास होता ती जागा बरोब्बर भोकावर येत होती. मी स्वतःला समजावलं की ड्राइव्हने अंदाज बांधला. बांधतातच ते. पण अंदाज म्हणजे सूर ताणणं, जोडणं, फार तर सारवासारव. एवढ्या मोठ्या भोकावर अंदाज म्हणजे खरखर किंवा शांतता. एखादी बाई मधेच श्वास घेऊन पुढची अर्धी ओळ गाते, शब्दांसकट, याला मी काय म्हणू?

सोमवारी मी काकांना विचारलं. ताईचं नाव न घेता, आपलं सहज.

"काका, आरपार भोक आहे, तरी हिरवं आलंय."

"नाही येणार."

"आलंय ना."

"मग भोक नसेल."

"त्यातून मी फडकं पाहिलं, काका."

त्यांनी चहा खाली ठेवला. "बघ पोरी, चूक दोनदा तंतोतंत तशीच होत नाही. दोन्ही वेळा हुबेहूब आलं याचा अर्थ एकतर ते खरं आहे, नाहीतर…"

"नाहीतर काय?"

"नाहीतर पाठ केलेलं आहे," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मी पण हसले. मग दिवसभर मला काम सुधरलं नाही.

४

मी उरलेल्या सहा सीड्यांना हात लावला नाही, म्हटलं आधी या एकीचा छडा लावू. पण ताईला ते गाणं सोडवेना. मी कामावरून यायचे तर ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेली, स्पीकर चालू, आणि ओठ गाण्याबरोबर हलताहेत. आवाज न करता. अगदी बरोबर हलायचे. दारातून बघितलं तर वाटावं तीच गातेय.

"श्वासाचं काय झालं?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. मग हाताने दाखवलं, चालतंय की.

सकाळचे बुडबुडे बंद झाले. आधी मला कळलंच नाही. स्वयंपाकघर एवढं शांत का वाटतंय असं मनात यायचं, नि मी डबा भरून पळायचे. मग ग्लास फडताळात पालथा दिसला, कोरडा. मी चिडले.

"बाईंनी काय सांगितलंय? वापरला नाहीस तर जाईल."

ती पुटपुटली, "कशाला वापरू? तो तर आहे की तिथे." आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. इतकं बोलतानासुद्धा तिचा आवाज तीनदा तुटला. आधी एकदा तुटायचा.

गुरुवारी मी लवकर सुटले. अजून लख्ख ऊन होतं. जिना चढतेय तोच वरून हाक आली.

"भिंगरे, किल्ली नेलीस का गं?"

आणि मी, मूर्ख, जिन्यातल्या जिन्यात आनंदाने उडी मारली. कारण तो ताईचा आवाज होता. जुना. स्वच्छ, मोकळा. परत आला असं वाटून मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेले, दार उघडलं, ओरडलेच, "परत बोल."

ताई बाहेरच्या खोलीत कोचावर झोपली होती. तोंड किंचित उघडं, गाढ. आतल्या खोलीत जाऊन बघितलं तर कॉम्प्युटर बंद. मी हात लावून पाहिला, गार होता.

दुपारी झोपलेली माणसं बडबडतात, मी स्वतःला सांगितलं. झोपेत गळा सैल पडतो, आवाज मोकळा येत असेल. कुठेतरी वाचलं पण असेन मी. मग माझ्या लक्षात आलं की हाकेत मधेच एक श्वास होता. "किल्ली"च्या आधी. नाकातून घेतलेला, सुबक.

५

आता मला राग आला. भीती वाटली नाही असं नाही, पण राग जास्त. मी असल्याच कामाचा पगार घेते. कुठलं खरं आणि कुठलं ठोकून दिलेलं, हे वेगळं करणं हाच माझा धंदा आहे. माझ्या घरात येऊन कुणी मला थाप मारतं म्हणजे काय?

ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते, हरवलेलं भरू नकोस, रिकामं ठेव असं सांगणारी. मी ती चालू केली आणि सीडी परत उतरवली. भरलंच. श्वास तोच, अर्धी ओळ तीच, खूण हिरवी.

मग मी नक्कल केलेलं गाणं कॉम्प्युटरवर उघडलं. स्क्रीनवर आवाज डोंगराच्या रांगेसारखा दिसतो, मोठा आवाज उंच, बारीक आवाज ठेंगणा, शांतता म्हणजे सरळ रेघ. मी भोकाएवढी जागा निवडली आणि पुसून टाकली. डोंगर, मग सरळ रेघ, मग परत डोंगर. एवढं स्वच्छ काम मी केंद्रातही केलं नसेल.

आणि चालू केलं.

डोंगर संपले. रेघ आली. रेघेवर काही नव्हतं, म्हणजे आवाज नव्हताच तिथे, असूच शकत नव्हता. स्पीकरमधून श्वास आला आणि ती गायला लागली. रेघ सरळच होती. मी बोट स्क्रीनवर ठेवलं, रेघेवर, जणू तिचं तोंड दाबतेय. ती गातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते गाणं मी पेन ड्राइव्हवर केंद्रात नेलं आणि काकांच्या कानांना हेडफोन लावला. "फक्त ऐका. काही म्हणू नका." त्यांची मान आधी तालावर हलत होती. रेघ आली तशी मान थांबली. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हेडफोन काढले, तार नीट गुंडाळली. मग पेन ड्राइव्ह उपटून माझ्या हातात ठेवला.

"हे तुझ्या घरचं ना?"

"हो."

"मग घरीच ठेव. आमच्या सर्व्हरला लावू नकोस." आणि थोड्या वेळाने, टेबल आवरता आवरता, "जेवलीस का?"

त्या दिवसापासून ते माझ्या कॉम्प्युटरवर येणारी प्रत्येक हिरवी खूण दोनदा बघतात.

६

शनिवारी सकाळी आवाजाच्या बाईंचा फोन असतो. स्पीकरवर टाकायचा, ताईने पाच-दहा वाक्यं बोलायची, बाईंनी ऐकायची. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत, फोन मधे टेबलावर. ताई आठवडाभर जवळजवळ बोललीच नव्हती. मी तिला डोळ्यांनी दटावत होते, बोल, नुसतं आ कर.

"काय, कशा आहात?" बाईंनी विचारलं. "सराव चाललाय ना?"

ताईने तोंड उघडलं. काही आलं नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही, ती नेहमीची हवासुद्धा नाही. तिने परत प्रयत्न केला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना.

तेवढ्यात आतल्या खोलीतून, अर्धवट उघड्या दारामागून, उत्तर आलं.

"मी छान आहे बाई. आता अगदी ठणठणीत."

फोनवर बाई हसायलाच लागल्या. "अहो, काय हे. काय सुंदर बोलताय. मला खरंच विश्वास बसत नाही. केव्हापासून?"

"गेल्या रविवारपासून," आतून आवाज आला. मधे श्वास घेऊन.

मी ताईच्या ओठांकडे बघत होते. ते मिटलेले होते. ताई माझ्याकडे बघत होती. मी उठून दाराकडे जायला हवं होतं. मी टेबलाची कड धरून बसून राहिले.

"मग आता माझी गरज नाही तुम्हाला," बाई खुशीत म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यापासून ही वेळ मी दुसऱ्या कुणाला देते. चालेल ना?"

"चालेल," आतून.

ताईने फोनवर झडप घातली. तोंडाशी धरला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि कुठून तरी खोलातून, गंजलेली कडी ओढल्यासारखा आवाज काढला.

"ती मी नाही. ही मी."

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं. नम्रपणे, अनोळखी माणसाला विचारतात तसं.

ताईने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही ढासळणार. पण माझी ताई जेव्हा खरोखर तापते तेव्हा तिचे कान लाल होतात. ते झाले.

"मीच," ती म्हणाली. शब्दागणिक थांबत, खाकरत. "तुमची पेशंट. आत जी बोलली… तिला काही झालेलंच नाही… तिला कशाला शिकवता? माझी वेळ… कुणाला द्यायची नाही."

"बरं," बाई गोंधळून म्हणाल्या. "नाही देत. पण मग ती…"

"पाहुणी आहे," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

७

मी म्हटलं, चल, घर सोडू. आत्ताच्या आत्ता. सीड्या कचऱ्यात टाकू, कॉम्प्युटर फोडू, मी फोडते. मी दोन पिशव्या काढल्या पण.

"माझी गाणी मी टाकायची?" ताई म्हणाली. "तिला एवढी जागा हवी म्हणून?" तिने पाणी प्यायलं, घसा शेकला, परत प्यायलं. "माइक आण."

"ताई, तुला ती ओळ… आता…"

"येत नाही. माहीत आहे मला. आण."

माइक आणि लॅपटॉप मी बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडला. भर दुपार, खिडक्या सताड उघड्या, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट होतं तसंच ठेवलं. लावायला जायची माझी छाती नव्हती, आणि ताई म्हणाली, ऐकू दे तिला.

पेन ड्राइव्हवरचं, मधे रेघ असलेलं गाणं मी लॅपटॉपवर लावलं. जुनी ताई गायला लागली, पहिली ओळ, दुसरी. रेघ जवळ आली. मी रेकॉर्डिंग चालू केलं. आतून तो श्वास ऐकू आला, या वेळी स्पीकरमधून नाही, दारातून. आणि दाराच्या फटीतून मला दिसलं. खुर्चीच्या पाठीवरून दोन खांदे दिसत होते. ताईचे असावेत तसे, डावा किंचित उतरता. श्वास घेताना खांदे वर जातात तसे ते वर गेले, आणि वरच राहिले.

कारण ताईने तिसरी ओळ आधीच, पहिल्या शब्दापासून सुरू केली होती.

ते गाणं होतं असं मी म्हणणार नाही. सूर चार ठिकाणी फाटला, एका ठिकाणी नुसती घरघर राहिली, शब्द अर्धे गिळले गेले. पण तिने श्वास घेतला नाही. चेहरा जांभळा झाला, टेबलाची कड धरलेल्या बोटांची नखं पांढरी पडली, आणि ती ओळ तिने एका दमात शेवटपर्यंत फरपटत नेली. स्क्रीनवर रेघेच्या जागी डोंगर उठले. वेडेवाकडे, तुटक्या कंगव्यासारखे. पण उठले.

आम्ही परत लावून ऐकलं. जुना आवाज, मग ही फाटकी ओळ, मग परत जुना आवाज. सांधा चांगलाच ऐकू येतो. बहिऱ्यालाही कळेल इथे काहीतरी तुटलं होतं. मधे कुणाचाच श्वास नाही.

"हीच प्रत ठेवायची," ताई म्हणाली. "एक इथे, एक तुझ्या केंद्रात. काकांना सांग, यात एकच बाई आहे."

मी हो म्हणत होते, हसत रडत होते, आणि तेवढ्यात आतून आवाज आला. दोघींनीही ऐकला. आधी खाकरल्यासारखा. मग तोच स्वच्छ, मोकळा गळा, पण त्यावर कुणीतरी मुद्दाम ओरखडे काढतंय असा. ती आमच्या ओळीचा पहिला शब्द घोगरा करून म्हणत होती. जमला नाही. परत म्हटला. थोडा जास्त घोगरा.

ती शिकत होती.

मी ताईचा दंड धरला. ताई दाराकडे तोंड करून, माझ्याकडे नाही, सरळ त्या फटीकडे बघत, शक्य तेवढ्या मोठ्याने बोलली.

"कर रियाज. पण नुसतं खरवडून येत नाही हे. त्यासाठी गळा कापून घ्यावा लागतो."

आतला रियाज थांबला.

मग मी रेकॉर्डिंग परत चालू केलं, आणि ताईने पुढची ओळ घेतली.